देण्याघेण्याच्या साड्या

कापडाच्या दुकानात गादीवर टेकायच्या आत समोरचा माणूस विचारतो, "ताई, नेसायची दाखवू की देण्याघेण्याची?" गेली चाळीस वर्षे मी हा प्रश्न ऐकते आहे आणि चाळीस वर्षे निमूटपणे त्याचे उत्तर देते आहे. देण्याघेण्याच्या दहा काढा, अडीचशेच्या आतल्या. नेसायची एक बघू मग. त्या बिचाऱ्याने एका वाक्यात आपल्या साऱ्या समाजाची झडती घेतलेली असते आणि आपण पदराने वारा घेत रंग निवडत बसतो.

देण्याघेण्याची साडी म्हणजे काय, हे एखाद्या परक्या माणसाला समजावून सांगून पाहा. नेसण्यासाठी ती विणलेलीच नसते. पॉलिएस्टरच्या धाग्यातून निघते, चकचकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत शिरते आणि कुणाच्या तरी मुंजीत, डोहाळजेवणात, वास्तुशांतीत हळदीकुंकू लागून कुणाच्या तरी ओटीत पडते. घेणारीच्या बोटांना ती पहिल्या स्पर्शात कळते. ती गोड हसते, घरी नेऊन कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर टाकते आणि पुढच्या लग्नसराईत दुसरीच्या ओटीत घालते. घडी मोडतच नाही. एक मोरपंखी साडी मी एका डोहाळजेवणात दिली होती. सहा वर्षांनी ती भलत्याच घरच्या आहेरातून माझ्याकडे परत आली. पिशवीच्या कोपऱ्यातली किंमत मीच पेनाने गिरगटून टाकलेली होती, ती खूण तशीच होती. पुरुषांच्या वाट्याला हाच प्रकार शर्टपीस-पँटपीस आणि टॉवेल-टोपीच्या रूपाने येतो. शिलाई कापडापेक्षा महाग, म्हणून ते पीस शिंप्याचे तोंडही पाहत नाहीत. वर्षानुवर्षे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, एखाद्या न वटणाऱ्या नोटेसारखे.

आणि सत्काराच्या शाली! आपल्याकडे माणसाचा सन्मान करायचा म्हणजे त्याच्या खांद्यावर शाल टाकायची, मग तो एप्रिल असो की मे. घाम पुसत माणूस उभा असतो, तिघेजण त्याच्यावर तीन शाली पांघरतात आणि फोटो निघतो. हीच शाल डिसेंबरात अंगावर घेऊन बघा. थंडी तिच्यातून चाळणीतून पाणी जावे तशी आत येते. उन्हाळ्यात उकडवायचे आणि हिवाळ्यात ऊब द्यायची नाही, असे वस्त्र आपण शोधून काढले आणि त्याला मानवस्त्र म्हणू लागलो.

मागच्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात, मी कपाट उपसले. साड्या ६३. वर्षभरात नेसलेल्या ११. देण्याघेण्याच्या म्हणून थांबलेल्या १९. बाकीच्या कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या, एकदा नेसलेल्या, फोटोत आलेल्या आणि म्हणून पुन्हा नेसता न येणाऱ्या. शाली सात. पावसात घालता येईल असा कपडा शून्य. एक छत्री होती, तिची काडी मोडलेली. हा पसारा पलंगावर पसरलेला असताना घरकामाच्या मावशी आल्या. डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, निऱ्यांतून पाणी गळत होते. त्या ओल्या साडीतच त्यांनी माझ्याकडची भांडी घासली, मग पुढची तीन घरे. संध्याकाळपर्यंत ती साडी त्यांच्या अंगावरच वाळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजते, असे चार महिने. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या त्यांनी मला कधी दाखवल्या नाहीत, मीही कधी विचारले नाही. दर दिवाळीला मात्र मी त्यांना एक साडी देत आले होते. कुठली, ते वाचकांच्या लक्षात आले असेलच.

हे माझ्या घरातले झाले, आणि ते आधी सांगितले म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहते.

लग्नाचा बस्ता ज्याने पाहिला नाही त्याला आपला समाज कपडे कशासाठी घेतो हे कळायचे नाही. गावाकडून टेम्पो किंवा जीप भरून माणसे तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या दुकानात येतात. नवरा-नवरीचे कपडे घ्यायला तासभर पुरे. खरा दिवस जातो तो मानपानात. वरमाईची साडी, करवल्यांच्या साड्या, मामाचा पोशाख, आत्याचा मान, मग भावकी, मग सोयरे, मग ज्यांनी गेल्या लग्नात आपल्याला दिले ते. दुकानदार चहा देतो, जेवण देतो, दुपारी म्हाताऱ्यांना गादीवर आडवे व्हायला जागाही देतो, कारण बिल काही लाखांत जाणार हे त्याला ठाऊक असते. एका बाजूला मुलीचा बाप बसलेला असतो. कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे अजून यायचे आहेत. आलेच तर सोसायटीचे कर्ज आहे, नाहीतर सावकार आहेच. समोर साड्यांचा ढीग वाढत असतो आणि तो ढिगाकडे न बघता पंख्याकडे बघत असतो. त्या ढिगातली एकही साडी कुणाच्या अंगाला ऊब देणार नाही, कुणाचे ऊन अडवणार नाही, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत असते. तरी करवलीची साडी शंभर रुपयांनी स्वस्त निघाली तर पंचवीस वर्षे बोलणी ऐकावी लागतात.

आणि लग्ने कधी? मे महिन्यात. चंद्रपूरला एका भाच्याच्या लग्नाला गेले होते. पारा ४५ च्या पुढे. नवरदेवाच्या अंगावर मखमलीची शेरवानी, खाली चुडीदार, वर जरीचा दुपट्टा, डोक्यावर फेटा. वरातीत घोड्यावर बसल्या बसल्या पोरगा पांढरा पडला. त्याला खाली उतरवून सावलीत बसवले, लिंबूपाणी पाजले, कुणी तरी शेरवानीची वरची बटणे सोडली तर वरमाय ओरडली, "अरे, फोटो व्हायचेत अजून!" वकिलांनासुद्धा, सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडली तर, उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, असा लेखी नियम आहे. नवरदेवाला अशी सूट कुणी देत नाही. त्याच मांडवाच्या मागे आचारी बनियन आणि पंचावर काम करत होते. साऱ्या लग्नघरात ऋतू कळणारी माणसे तेवढीच.

एके काळी याच मातीत वस्त्र ऋतूवरून आणि कामावरून ठरत असे. कोकणात भाताच्या लावणीला बाया डोक्यावरून इरले घेत. बांबूच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यात झाडाची पाने गच्च बसवलेली. कमरेत वाकून रोप लावताना पाठ पूर्ण झाकली जायची आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. छत्रीने हे होत नाही. देशावर घोंगडी होती. खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊस बराच थोपवायची, भिजली तरी लोकरीची ऊब जात नसे, रात्री तीच अंथरायची आणि तीच पांघरायची. नऊवारीचा काष्टा घालून बाई चिखलात उतरत होती, घोड्यावरही बसत होती. जुने सगळेच चांगले होते असे गाणे मला गायचे नाही. त्या इरल्याखालची बाई अर्धपोटी होती आणि घोंगडीवाल्याला दुसरे काही परवडत नव्हते. पण त्या वस्तू ज्याने बनवल्या त्याने वापरणाऱ्याचे अंग आणि त्याचे काम आधी पाहिले होते, एवढे तरी कबूल करावे लागेल.

त्याच काळात, दुसरीकडे, कापड हे माणसाला त्याच्या जागेवर बसवण्याचे हत्यारही होते. कुणी साडी किती खाली सोडायची, कुणी कुठल्या धातूचे दागिने घालायचे, हे जात ठरवत होती. म्हणून आपल्याकडच्या सुधारकांना कपड्यांबद्दल बोलावे लागले. आगरकरांनी 'सुधारका'तून स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असे लिहिले. आज आपल्याला याचे हसू येते, पण बाईच्या अंगाला थंडी वाजते ही गोष्ट तेव्हा वाद घालण्याची होती. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत सगळे रेशमी पोशाखात आले आणि जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. खरी रयत बघायची तर खेड्यात चला, असे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण दाखवणारी ती आखूड साडी नेसणे सोडा, कथलाच्या दागिन्यांची ओझी टाका, स्वच्छ राहा. त्या बायांनी ते ऐकले आणि लगेच साड्या नेसण्याची पद्धत बदलली. दागिने उतरवायला आणि निऱ्या खाली सोडायला बस्ता लागत नव्हता. लागले ते धैर्य.

फुले-आंबेडकरांचे पुतळे आपल्या चौकाचौकांत आहेत, जयंतीला त्यांना हारही पडतात. त्या जयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांना आपण काय देतो? शाल.

आता कापूस पिकतो तिथे चला. यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. सकाळी थंडी, दहानंतर कडक ऊन. वेचणाऱ्या बाईकडे नीट पाहा. साडीवर तिने नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो. बाह्या मनगटापर्यंत, कारण वाळलेल्या बोंडाची टोके हात ओरबाडतात. डोक्याला रुमाल बांधून त्यावर पदर. कमरेला फडक्याची ओटी, तिच्यात कापूस. शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी किंवा मोबाइल. सकाळी थंडी थोपवतो, दुपारी ऊन अडवतो, काट्यांपासून वाचवतो, खिसाही देतो. महाराष्ट्रात ऋतू आणि काम ओळखून घडलेला याहून शहाणा पोशाख मला माहीत नाही. तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. कुणी शिवत नाही, कुणी विकत नाही, कारण ती बाई गिऱ्हाईक आहे असे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिला कापड मिळते ते दोन वाटांनी: कुणाच्या तरी अंगावरून उतरलेले, नाहीतर कुणाच्या तरी ओटीतून आलेले. कापूस पिकवणारीच्या अंगावर शर्टाखाली असते ती पॉलिएस्टरची साडी. घाम तिच्यात जिरत नाही, आणि चुलीवरची ठिणगी पडली तर ती वितळून कातडीला चिकटते.

याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्याअखेर कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो जण दवाखान्यात पडले, काहींची नजर अधू झाली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा पायांवर न पडता तोंडावर येत होता. फवारणाऱ्यांच्या अंगावर काय होते? बनियन, बर्मुडा, फार तर तोंडाला रुमाल. नंतर चर्चा झाल्या. औषध कंपन्या म्हणाल्या, डब्यावर हातमोजे आणि मास्कची चित्रे छापलेली असतात. असतात खरी, बोटाच्या पेराएवढी. संरक्षक कपड्यांच्या किटचीही बरीच चर्चा झाली. अंगभर प्लॅस्टिकसारखे कापड चढवून विदर्भाच्या भादव्यातल्या उन्हात पाठीवर पंप घेऊन कुणी दोन तास चालून दाखवावे, मग बोलावे. विष आत येऊ न देणारा पण वारा खेळू देणारा, धुता येणारा आणि मजुराला परवडणारा सदरा शिवणे काही चंद्रावर जाण्याएवढे अवघड नाही. पण त्यावर डोके चालवायला कुणाला वेळ नाही. शेरवानीच्या गळ्याची नक्षी बदलायला मात्र दर हंगामात शंभर डोकी लागतात.

मुलांच्या गणवेशाची तऱ्हा वेगळी नाही. तालुक्याच्या गावी निघालेल्या इंग्रजी शाळांमध्ये पहिलीच्या पोरांच्या गळ्यात टाय, पायांत बूट-मोजे, अंगावर टेरिकॉट. मार्च-एप्रिलमध्ये ती पोरे शाळेतून घरी येतात तेव्हा त्यांच्या गळ्यावर घामोळ्यांची माळ असते. आईबाप तक्रार करत नाहीत. टायकडे बघूनच त्यांनी फी भरलेली असते. सरकारी शाळांतल्या मुलांना २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' मिळायचा होता. अनेक ठिकाणी महिनोन्महिने तो पोहोचलाच नाही, पोहोचला तिथे मापे चुकली, आणि वर्ष संपता संपता सरकारने निर्णय फिरवून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. एकाच्या गळ्याला फास, दुसऱ्याच्या अंगाला काहीच नाही, आणि दोन्हींचे नाव गणवेश.

नवरात्रातल्या नऊ रंगांबद्दल लिहिले की बायका माझ्यावर रागावतात. रागवा. या रंगांना कुठल्या पोथीचा आधार नाही. एका मराठी वृत्तपत्राने या शतकाच्या सुरुवातीला ही टूम काढली आणि आपण तिला परंपरा करून टाकले. हौस म्हणून मलाही ती आवडते. बँकेत, कचेरीत सगळ्या जणी एका रंगात आल्या की छान दिसते. पण त्याच कचेरीत कंत्राटावर झाडू मारणारी बाई असते. तिलाही फोटोत उभे करतात, तिच्याकडे तो रंग नसला की "अगं, तू नाही घातलास?" असे हसून विचारतात. पुढच्या वर्षी ती आठवड्याच्या बाजारातून दीडशेची साडी आणते, ऑक्टोबरच्या उकाड्यात ती अंगाला चिकटवून झाडू मारते. त्या फोटोत ती सगळ्यांत जास्त हसत असते.

यावर एक हुकमी उत्तर येते: "आम्ही जुने कपडे दान करतो की!" या दानाबद्दलही बोलू. पूर्वी जुन्या लुगड्याचा एक मोठा प्रवास असे. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी झिजली की बाळाची दुपटी, मग पायपुसणे, उरलेल्या चिंधीची निरांजनाला वात. बोहारीण दारावर यायची, पाच साड्यांना एक पातेले देताना प्रत्येक साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची. तिच्याइतके चोखंदळ गिऱ्हाईक कापडाला पुन्हा लाभले नाही. आता कपाट भरले की आपण पोती भरतो आणि कुठे पूर आला, भूकंप झाला की वाट पाहत असल्यासारखे पाठवून देतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. कोळ्यांच्या बायकांना ज्यांचा काही उपयोग नव्हता असे कपडे त्यांत होते. पुढे गूंज या संस्थेने त्यातले कापड गोळा करून, धुऊन, कापून पाळीच्या घड्या केल्या, तेव्हा कुठे त्याचे वस्त्र झाले. घर वाहून गेलेल्या बाईला आपण काय हवे विचारले नाही. आपले कपाट रिकामे केले आणि त्याला दया म्हटले. मी मावशींना दिवाळीला साडी देत होते ती याच जातीची दया होती.

तर, जूनमधल्या त्या दिवशी मावशींची चारही घरे आटोपली तशी मी त्यांना म्हटले, "चला, आज तुम्हाला पावसाचे काही तरी घेऊन देते." मनात मी रेनकोट ठरवून ठेवला होता, निळा, टोपीचा. तुळशीबागेच्या पुढच्या गल्लीत गेलो. दुकानात दोन प्रकार होते. एक पँटवाला, स्कूटरवर बसणाऱ्या मुलींसाठी. साडीवर तो कसा चढवायचा हे दुकानदारालाही सांगता येईना. दुसरा लांब झग्यासारखा. मावशींनी घालून पाहिला, दोन पावले चालल्या, पाय अडकला. "हे घालून बशीत चढायचं कसं, ताई?" तिसऱ्या दुकानात त्यांनी स्वतःच शोधून काढला तो मांडीपर्यंत येणारा कोट, खेडेगावच्या पोरांना घेतात तसला. मला तो आवडला नाही. मी दोनदा सांगितलेही की तो निळा बरा दिसेल. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिले नाही, आणि मला त्याचा थोडा रागही आला, हेही कबूल करते.

मग त्यांनी तळव्याला दाते असलेल्या प्लॅस्टिकच्या सँडल घेतल्या, दोन रुमाल घेतले आणि एका हातगाडीपुढे थांबून विचारले, "एक शर्ट घेऊ का? पुरुषांचा, पूर्ण बाहीचा?" सुती होता, चौकड्यांचा. त्यांनी तो अंगाला लावून पाहिला नाही. आधी दोन्ही खिशांत हात घालून तळाची शिलाई ओढून पाहिली.

सगळे मिळून अकराशे चाळीस रुपये झाले. देण्याघेण्याच्या पाच साड्यांच्या आत. परतताना मी म्हटले, "मावशी, यापुढे दिवाळीला साडी नाही. तुम्ही सांगाल ते घेऊ."

"बरं होईल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं आठ तशाच पडल्यात, पिशवीसकट. पण त्या मी टाकायची नाही हं. पुढच्या वर्षी पोरीचं लगीन हाय. बस्त्याला तेवढ्या कमी घ्याव्या लागतील."

मी म्हटले, त्यापेक्षा बस्ताच करू नका. त्या थांबल्या, कोटाची टोपी मागे सारली आणि माझ्याकडे पाहिले. "तुमच्या भाच्याच्या लग्नात किती साड्या वाटल्या, ताई?"

बावीस वाटल्या होत्या. बस आली, त्यांनी पास नव्या शर्टाच्या खिशातून काढला आणि त्या चढल्या.